काकूंनी निवडलेली लाल पट्टी

पाणी तपासायची आमची लॅब म्हणजे पंपघराला चिकटून असलेल्या दोन खोल्या. पहिलीत बाटल्या, काचेच्या नळ्या, मोठं सिंक आणि मी. दुसरीत कपाटं, कॉम्प्युटर आणि काकू. मधलं दार ओलीने फुगून कायमचं उघडं राहिलं होतं. दिवसभर मला त्यांच्या की-बोर्डचा आवाज ऐकू यायचा आणि त्यांना माझ्या शिंका.

पाण्यात पाहणं हाच आमचा धंदा असला, तरी तिथे कोणी कोणाला पाण्यात पाहत नसे. ते बरंचसं काकूंमुळे. त्या मुळात टायपिस्ट म्हणून लागल्या होत्या. पुढे लॅबमध्ये कॉम्प्युटर आला, त्याला हात लावायला कोणी धजेना, तेव्हा काकू पदर खोचून पुढे झाल्या. शिकवायला आलेला माणूस दोन दिवसांत निघून गेला. बाकीचं त्या चुकत चुकत शिकल्या, आणि चुका कोणाला दिसू नयेत म्हणून आमच्या आधी येऊन बसायच्या.

कामाचं स्वरूप सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्याकडे गावोगावच्या विहिरी आणि नळ यांची एक यादी, कोणत्या दिवशी कुठून बाटली भरून आणली याची दुसरी, आणि त्या बाटलीतल्या पाण्यात काय सापडलं याची तिसरी. नुसती एक यादी बघून कोणाला काही कळत नाही. तिन्ही एकत्र ओवल्या की मग दिसतं, की अमुक विहीर गेल्या वर्षीपासून बिघडत चालली आहे. हे ओवण्याचं काम काकूंचं. म्हणून त्यांचं नाव पडलं जोडणीकाकू. त्याला दुसरंही एक कारण होतं. लॅबमधल्या एकाचं आणि पंपघरातल्या दोघांचं लग्न त्यांनीच जुळवलं होतं. विहीर काय नि माणूस काय, दोन्हीकडे एक खूण जुळली की पुरे, असं त्या म्हणायच्या.

गावोगाव फिरून बाटल्या आणणारे बाटलीदादा त्यांच्याहून वयाने मोठे, पण तेही त्यांना काकूच म्हणायचे. आपल्या नवऱ्याला बाटलीदादा म्हणतात हे कळल्यावर दादांची बायको एकदा लॅबमध्ये भांडायला आली होती. काकूंनी तिला सिंकजवळ नेऊन सगळ्या बाटल्या दाखवल्या, चहा पाजला, आणि ती हसत घरी गेली.

काकूंचे यजमान शिलाई मशीन दुरुस्त करायचे. आम्ही त्यांना काका म्हणायचो. दुकान पुढे, घर मागे. मूलबाळ नव्हतं. संध्याकाळी काका दुकानाच्या पायरीवर बसून वाट बघायचे आणि काकू कोपऱ्यावर दिसल्या की उठून चहाचं आधण ठेवायचे. एवढं मी स्वतः कितीदा पाहिलं आहे, कारण माझा रस्ता तोच.

तर एक दिवस मुख्य कार्यालयातून परिपत्रक आलं. आमच्या कपाटात घरघरणारं जुनं यंत्र आता बंद होणार. सगळ्या लॅबचा डेटा दूर कुठेतरी एका सर्व्हरवर जाणार. तिथे बसून काम करता येणार नाही, आपापल्या कॉम्प्युटरवरून त्याच्याशी जोडून घ्यायचं. त्यासाठी जो प्रोग्राम लागतो, तो त्यांनी मंजूर केलेल्या चारांपैकी प्रत्येक लॅबने आपला आपण निवडायचा, मात्र एका लॅबमध्ये एकच. साहेबांनी कागद वाचला, घडी घातली आणि काकूंच्या टेबलावर ठेवला. यातलं तुम्हालाच कळतं, तुम्हीच निवडा, म्हणाले. त्यांचं म्हणणं खरं होतं, आणि त्यांची सुटकाही त्यातच होती.

त्याच सुमाराला काकूंनी तक्रार केली की त्यांच्या कॉम्प्युटरचा पडदा खराब झाला आहे. रकान्यांच्या उभ्या रेघा मध्येच फुगतात, ओल्या दोरीसारख्या वाकड्या होतात. पंपघरातला इलेक्ट्रिशियन आला, त्याला रेघा सरळच दिसल्या. तरी काकूंचा शब्द म्हणून त्याने पडदा बदलून दिला. नव्या पडद्यावरही रेघा वाकड्याच. दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

डोळ्यांच्या डॉक्टरने काय सांगितलं, हे मला फार पुढे काकांकडून कळलं. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता. उजवा बराच गेला होता, डाव्याला सुरुवात झाली होती. इंजेक्शनं घेऊन वेग कमी होईल, गेलेलं परत येणार नाही. कडेचं दिसत राहील. म्हणजे समोर माणूस उभा असेल तर त्याचे कान दिसतील, चेहरा नाही. घरी येताना बसमध्ये काकूंनी काकांना बजावलं होतं की हे कोणाकडे बोलायचं नाही.

डॉक्टरच्याच दवाखान्यात एका मुलीने त्यांना सांगितलं की पडद्यावरचं वाचून दाखवणारा एक प्रोग्राम असतो. तुम्ही बाण दाबाल तिथला मजकूर तो कानात बोलतो. काकूंनी तो कॉम्प्युटरवर चढवला आणि हेडफोन लावून बसायला लागल्या. काकांनी त्याचं नाव ठेवलं पोपट. आम्हाला वाटलं, काकूंना या वयात गाण्यांचा नाद लागला. दादा तर रोज विचारायचे, आज कोणतं गाणं? काकू म्हणायच्या, तुमच्या जन्माच्या आधीचं.

आणि अशा डोळ्यांनी त्या ते चार प्रोग्राम तपासायला बसल्या.

पहिला देखणा होता. सगळं त्यात होतं, चित्रं, आलेख, रंग. पण एक यादी उघडायला सांगितली की तो सर्व्हरवरची अख्खी यादी ओढून आणायला बसायचा. आमची इंटरनेटची तार बारीक, यादी लांबलचक. मधल्या वेळात माझ्या बाटल्या धुऊन व्हायच्या. दादांनी त्याला हत्ती म्हटलं. दुसरा त्याच्या उलट. चपळ होता, पण जरा कोणी चहाला उठलं की जोडणी सोडून द्यायचा, आणि परत येऊन बघावं तर अर्धं लिहिलेलं सगळं गायब. त्याचं नाव भित्रा. हे दोन बाद करायला काकूंना वेळ लागला नाही. घोडं अडलं ते उरलेल्या दोघांपाशी.

तिसऱ्याला आम्ही लाल पट्टी म्हणायचो. खऱ्या डेटाला जोडलं की त्याच्या खिडकीवर वरच्या बाजूला लाल पट्टी उमटायची, म्हणजे आपण सरावात नाही, खऱ्यात आहोत, हे माणसाला विसरता यायचं नाही. यादी उघडली तरी तिला कुलूप असायचं, नुसती वाचता यायची. काही बदलायचं तर आधी कुलूप काढा. मग तो सांगणार, इतक्या ओळी बदलतील, चालेल का? त्यानंतरही पक्कं करेपर्यंत मागे फिरता यायचं. चुकणाऱ्या माणसांसाठी एखाद्या समजूतदार माणसाने बनवल्यासारखा तो होता. फक्त त्याचे रकाने पोपटाला दिसायचे नाहीत. का, ते मला काकूंनी नंतर समजावलं. तो रकाने अक्षरांनी मांडत नव्हता, चित्रासारखे काढत होता. पोपट त्याच्यासमोर गेला की एवढंच म्हणायचा, खिडकी. पुन्हा बाण दाबला, पुन्हा खिडकी.

चौथा नुसता काळा फळा. त्यावर पांढऱ्या अक्षरांत आपण हुकूम लिहायचा आणि खाली पांढऱ्या अक्षरांत उत्तर यायचं. ना बटणं, ना रकाने, ना विचारपूस. पण त्यातलं अक्षर न् अक्षर पोपट वाचायचा. काकूंनी तो उघडला आणि त्यांची बोटं पूर्वीसारखी चालायला लागली. मला दाराअल्याड तो आवाज कळला. मधले काही आठवडे त्यांच्या की-बोर्डवर ठेच लागल्यासारखे आवाज यायचे, आता पुन्हा सर सुरू झाली. त्या दिवसांत त्या खुशीत होत्या. डबा खाताना दादांच्या थट्टेला थट्टेने उत्तर द्यायच्या. घरी काकांना त्यांनी सांगितलं, डोळे मिटून काम केलं मी आज, आणि एक चूक नाही.

पण प्रोग्राम एकट्या काकूंना वापरायचा नव्हता. आम्हा सगळ्यांना आपापल्या नोंदी त्यातच भरायच्या होत्या. म्हणून काकूंनी सरावासाठी डेटाची एक नक्कल तयार केली आणि आम्हाला एकेका प्रोग्रामवर बसवलं. लाल पट्टीवर आम्ही निभावून नेलं. काळ्या फळ्यावर आमची त्रेधा उडाली. मला तर डोक्यावरून पाणी गेल्यासारखं झालं. दादा दोन बोटांनी टाइप करणारे. त्यांना एका बाटलीची चुकीची नोंद पुसायची होती. पुसून टाक, इथपर्यंत त्यांनी लिहिलं, कोणती ते लिहायच्या आधीच ओळ संपल्याची खूण टाकली आणि एंटर दाबलं. फळ्याने काही विचारलं नाही. सगळ्या विहिरींच्या सगळ्या वर्षांच्या तपासण्या पुसल्या गेल्या आणि फळा पुढच्या हुकुमाची वाट बघत राहिला.

आम्ही पोट धरून हसलो. दादा स्वतःच सगळ्यात जास्त हसले. म्हणाले, सुंठीवाचून खोकला गेला, आता सगळं पाणी शुद्ध. नक्कलच होती ती, काकूंनी लगेच पुन्हा भरून दिली. पण त्या हसल्या नव्हत्या. हेडफोन गळ्यात घालून त्या दादांच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या होत्या, आणि पुसलेल्या पडद्याकडे मान थोडी वाकडी करून बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या पंपघरातल्या साहेबांच्या खोलीत गेल्या. एका लॅबमध्ये दोन प्रोग्राम चालतील का, असं त्यांनी विचारलं. साहेब म्हणाले, परिपत्रकात तर एकच म्हटलं आहे, तरी वर विचारून बघता येईल. मग त्यांनी सहज विचारलं, "काही खास कारण आहे का काकू? कारण लिहावं लागेल."

काकू म्हणाल्या, "नाही. सहज विचारलं."

एवढंच बोलणं झालं. तेव्हा मी साहेबांच्या टेबलावर सह्यांचे कागद ठेवत उभी होते, म्हणून ते माझ्या कानावर पडलं. माझ्या डोक्यात काहीच आलं नाही.

त्या संध्याकाळचं काकांनी सांगितलं. काकू येऊन दुकानातच बसल्या, घरात गेल्या नाहीत. काका एका मशीनचं पोट उघडून बसले होते. काकूंनी सगळं सांगितल्यावर ते म्हणाले की यात विचार कसला करायचा, जो तुझ्या हाताला बसतो तो घे. हत्यार हाताला बसलं पाहिजे, बाकीचे शिकतील.

काकू म्हणाल्या, "अहो, माझ्या हाताला बसते म्हणून दुसऱ्याचं बोट कापणारी कात्री तुम्ही दुकानात ठेवाल का?"

काकांनी हातातला पेचकस खाली ठेवला. मग म्हणाले, की निदान साहेबांना खरं सांग. काकू म्हणाल्या, सांगितलं तर ते पहिलं काय करतील माहीत आहे? माझी खुर्ची खिडकीपाशी सरकवतील. दुसरं, पाण्याचा निकाल माझ्या हातून काढून घेतील. आणि त्यांचं चूक कसं म्हणू, मीही तेच केलं असतं.

काकूंनी लाल पट्टीची शिफारस लिहिली. कारणं इतकी नीट मांडली होती की मुख्य कार्यालयाने तो कागद दुसऱ्या लॅबना नमुना म्हणून पाठवला. साहेबांनी तो आम्हाला वाचून दाखवला, आम्ही टाळ्या वाजवल्या.

मग त्यांनी आम्हाला शिकवलं. एकेकाला शेजारी बसवून, सावकाश. आधी बघायचं, मग बदलायचं. बदलण्याआधी, किती ओळी बदलणार, तो आकडा मोठ्याने वाचायचा. दादांनी आकडा वाचताना घसा साफ करून भाषणासारखा वाचायला सुरुवात केली आणि मग ती लॅबची पद्धतच पडली. शिकवताना काकू पडद्याकडे बघत नव्हत्या. वर डावीकडे तिसरं बटण, त्याच्या खाली दुसरी ओळ, असं नुसतं सांगायच्या. आम्हाला वाटायचं, काय हा पाठांतराचा कळस.

जुनं यंत्र बंद झालं. कपाटातली घरघर थांबली तेव्हा खोली एकदम मोठी वाटायला लागली. काकूंनी लाल पट्टीतली अक्षरं मोठी केली. मग आणखी मोठी. मी एकदा मागून गेले तर अख्ख्या पडद्यावर चारच ओळी होत्या. चष्मा बदलायला झालाय, त्या म्हणाल्या. पुढे पुढे एकच ओळ दिसायची, आणि तीही पूर्ण नाही. काकू ती सरकवत सरकवत वाचायच्या. एका टोकाला विहिरीचं नाव, दुसऱ्या टोकाला निकाल. शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात पडद्याबाहेर गेलेली असायची. त्या लवकर यायच्या, उशिरा जायच्या. काका पायरीवर बसलेले असायचे.

आणि मग ते झालं. मी माझ्या हाताने तपासलेलं एका विहिरीचं पाणी होतं, वाईट निघालेलं. त्यात जंतू होते. काकूंनी काढलेल्या, संध्याकाळी पाठवायच्या दाखल्यांचा गठ्ठा माझ्यासमोरून गेला आणि वरच्याच दाखल्यावर त्या विहिरीचं नाव, खाली पिण्यास योग्य. मी कागद घेऊन आतल्या खोलीत गेले. मला वाटलं, माझीच नोंद चुकली असेल.

"काकू, ही विहीर तर खराब होती ना?"

त्यांनी लाल पट्टी उघडली. चेहरा पडद्याच्या अगदी जवळ नेला, नाक टेकेल इतका, मग मान वळवून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायला लागल्या, पक्षी बघतो तसं. बराच वेळ बघत राहिल्या.

"तू वाच," म्हणाल्या.

मी वाचलं. माझी नोंद बरोबर होती. त्यांनी खालच्या ओळीतला निकाल वरच्या विहिरीला लावला होता. ओळ सरकवताना एक ओळ घसरली होती, इतकंच.

काकूंनी की-बोर्डवरून हात काढून मांडीवर ठेवले. "मला दिसत नाही गं," त्या म्हणाल्या. "तुझा चेहरापण दिसत नाही. कधीपासून."

दाखला गेला नाही, कोणी ते पाणी प्यायलं नाही, असं काहीतरी मी बोलले. त्या ऐकतच नव्हत्या. त्यांनी मला उरलेले सगळे दाखले एकेक करून वाचायला लावले. आम्ही दोघींनी ते पुन्हा ताडून पाहिले. बाकीचे बरोबर होते. मग त्या उठल्या, साडी सारखी केली आणि साहेबांच्या खोलीत गेल्या. मला म्हणाल्या, तूही चल, मी काही लपवलं तर सांग.

त्यांनी काही लपवलं नाही. साहेब ऐकत राहिले. ते कठोर माणूस नव्हते. काकूंचं बोलून झाल्यावर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मी तुम्हाला विचारलं होतं," ते म्हणाले.

"हो. विचारलं होतं तुम्ही."

"त्या महिन्यात सांगितलं असतं, तर तुमच्यापुरता काळा फळा मागून घेता आला असता. नुसता वाचायला, लिहायची मुभा बंद करून. म्हणजे कोणाच्या हातून काही पुसलं जायची भीतीच नव्हती. कोणी नाही म्हटलं नसतं, काकू."

काकूंचा चेहरा तेव्हा जसा झाला तसा मी त्याआधी किंवा नंतर कोणाचा पाहिला नाही. त्यांना सगळं माहीत होतं, त्या प्रोग्रामची नस न् नस माहीत होती. आणि नुसतं वाचण्यापुरता मागायचा, ही एवढी साधी गोष्ट त्यांच्या मनाला शिवली नव्हती. कारण मागायचं तर सांगावं लागणार होतं, आणि सांगायचं नाही हे आधीच ठरलेलं होतं. ठरलेल्या गोष्टीच्या पलीकडे त्यांनी पाहिलंच नव्हतं.

साहेबांनी खरंच धडपड केली. पत्रं लिहिली, फोन केले. पण मंजुरीचा काळ उलटला होता. बाकीच्या प्रोग्रामना सर्व्हरने दारं बंद केली होती, आता पुढच्या फेरविचारापर्यंत थांबा, असं उत्तर आलं. त्यातच तिथल्या कोणीतरी विचारलं, की ज्यांना दिसत नाही त्या बाई पाण्याचे दाखले काढतात कशा. मग साहेबांनाही पुढे बोलता येईना.

काकूंना फोनवर बसवलं. पाण्याला वास येतो, नळ गढूळ येतो, अशा तक्रारी ऐकायच्या आणि कोणाकडे पाठवायच्या ते सांगायचं. खुर्ची खिडकीपाशी होती. आम्ही सगळेच त्यांच्याशी फार चांगलं वागायला लागलो. कोणी चहा हातात आणून द्यायचं, कोणी फाटकापर्यंत पोचवायचं. दादांनी थट्टा बंद केली.

त्यांच्या जागेवर एक नवी मुलगी आली. चांगली होती, नम्र. सुरुवातीला ती अडलं की काकूंकडे यायची, आणि काकू फोनवर हात ठेवून तिला सांगायच्या, कोणती यादी कशाला जोडायची. मग तिचं अडेनासं झालं. एकदा दादांना एक जुनी विहीर सापडेना. त्यांनी सवयीने खोलीच्या या टोकाहून हाक मारली, "काकू!" काकू अर्ध्या उठल्या. तेवढ्यात दादांच्या लक्षात आलं. "नाही, काही नाही, बसा तुम्ही," ते म्हणाले. काकू पुन्हा बसल्या. त्या आठवड्यात त्यांनी रजा घेतली आणि रजेतूनच राजीनामा पाठवला. निरोपाचा कार्यक्रम करू नका, असा काकांबरोबर निरोप आला.

मला जायला बरेच दिवस लागले. गेले तेव्हा काकू दुकानाच्या आतल्या बाजूला स्टुलावर बसून काकांनी काढलेले छोटे स्क्रू बोटांनी चाचपून वेगवेगळ्या डब्यांत टाकत होत्या. आवाजावरून त्यांनी मला ओळखलं. लॅबचं सगळं विचारलं, दादांच्या बायकोचंसुद्धा. नवी मुलगी आकडा मोठ्याने वाचते का, हेही विचारलं. मी म्हटलं, वाचते.

मला राहवेना. मी विचारलं, "काकू, आम्हाला तरी सांगायचं होतं. का नाही सांगितलं?"

त्या स्क्रू चाचपत राहिल्या. "तुम्ही सगळे मला काही ना काही विचारायला यायचात," म्हणाल्या. "सांगितलं असतं, तर त्या दिवसापासून एकच विचारायला आला असतात, काकू, पाणी हवंय का."

आत पाऊल टाकल्या टाकल्या मी तेच विचारलं होतं.

निघाले तेव्हा काका पायरीपर्यंत आले. दुकानाच्या कोपऱ्यात, शिलाई मशीनच्या रांगेच्या शेवटी, जुन्या चादरीखाली काहीतरी झाकलेलं होतं. माझी नजर गेली तशी त्यांनी चादरीचं टोक उचलून दाखवलं. कॉम्प्युटर होता. ओळखीच्या एकाकडून त्यांनी तो आणला होता, त्यावर काळा फळा चढवून घेतला होता, पोपटही. कोणाकोणाला विचारून, स्वतः खपून सगळं चालू केलं होतं. काकूंना आणून खुर्चीवर बसवलं, हेडफोन कानाला लावला.

"मग?" मी विचारलं.

"थोडा वेळ ऐकलं तिने," काका म्हणाले. "मग विचारलं, यात कुणाच्या विहिरी आहेत? मी म्हटलं, अजून कुणाच्याच नाहीत, तू भर. तर म्हणाली, रिकाम्या याद्यांना काय जोडू, आणि उठली."

त्यांनी चादर पुन्हा सारखी केली. आतून काकूंनी हाक मारली, की बारीक स्क्रूंचा डबा भरलाय, दुसरा द्या. काका आत गेले.